हॉलंड अमेरिका की व्हायकिंग: दोन शांत क्रूझ कंपन्यांची तुलना

जहाजावर पाण्याच्या घसरगुंड्या, गो-कार्ट आणि मध्यरात्रीपर्यंतचा दणदणाट नको, निवांतपणा, बरे जेवण आणि बंदरांत हिंडायला पुरेसा वेळ हवा, असे एकदा मनाशी पक्के झाले, की क्रूझ शोधणाऱ्या माणसासमोर बहुधा दोन नावे उरतात: हॉलंड अमेरिका लाइन आणि व्हायकिंग. दोघींच्या माहितीपत्रकांत तेच बर्फाचे कडे, तेच फ्योर्ड आणि बाल्कनीत कॉफीचा कप हातात घेऊन उभे असलेले तेच रुपेरी केसांचे जोडपे दिसते, त्यामुळे फरक फक्त भाड्याचा असावा असा समज होतो. मी दोन्ही कंपन्यांच्या जहाजांवर राहिले आहे, आणि माझे मत असे, की ही एकाच मालाची स्वस्त आणि महाग आवृत्ती नव्हे. व्हायकिंग आधीच आखून, बांधून ठेवलेला प्रवास विकते आणि तो ज्यांना पटणार नाही त्यांना दारातच नकार देते. हॉलंड अमेरिका निवड विकते, आणि त्या निवडीबरोबर येणारी सगळी आकडेमोडही तुमच्यावर सोपवते. या दोहोंपैकी आपल्याला कशाचा जास्त त्रास होतो, बंधनाचा की हिशेबाचा, हे ज्याला ठाऊक आहे त्याचा निम्मा निर्णय झालेला असतो.

हा फरक दोघींच्या इतिहासातून आला आहे. हॉलंड अमेरिकेची स्थापना १८७३ साली रॉटरडॅममध्ये झाली आणि तिची सुरुवातीची कित्येक दशके युरोपातून न्यूयॉर्कला जाणाऱ्या स्थलांतरितांची ने-आण करण्यात गेली. एकाच जहाजावर वेगवेगळ्या ऐपतीची माणसे वेगवेगळ्या दराने सामावून घ्यायची, ही तिची मूळची रीत आहे. १९८९ पासून ती कार्निव्हल समूहाच्या मालकीची आहे आणि कारभार सिअॅटलहून चालतो, पण जहाजांची नावे अजूनही ‘डॅम’नेच संपतात आणि त्यांवर ध्वजही नेदरलँड्सचाच असतो. व्हायकिंगची कथा अगदीच अलीकडची. टॉर्स्टाइन हागेन या नॉर्वेजियन उद्योजकाने १९९७ साली रशियातल्या नद्यांवर चालणाऱ्या चार बोटी घेऊन ती सुरू केली. समुद्रावर तिचे पहिले जहाज, व्हायकिंग स्टार, उतरले ते २०१५ मध्ये. नदीवरच्या बोटी लहान असतात, प्रवासी साधारण एका वयाचे आणि एका आवडीचे असतात, रोज नवे गाव येते आणि त्या गावातली फेरी भाड्यातच धरलेली असते. व्हायकिंगने ही सगळी घडी जशीच्या तशी समुद्रावर नेली, आणि तिचे बहुतेक गुणदोष तिथूनच आले आहेत.

कोणाला प्रवेश आहे, हे सर्वांत आधी पाहावे, कारण काही घरांपुरता प्रश्न तिथेच मिटतो. व्हायकिंगच्या जहाजावर अठरा वर्षांखालील कोणालाही घेत नाहीत. अपवाद नाही, सुट्टीतली सवलत नाही. आजी-आजोबांनी नातवंडांना घेऊन जायचे ठरवले असेल, तर पुढची तुलना करण्याची गरजच उरत नाही. हॉलंड अमेरिकेवर मुलांसाठी वेगळी जागा आणि कार्यक्रम असतात. एरवी जहाजावर मुले फार दिसत नाहीत, पण शाळांच्या सुट्टीत अलास्का आणि कॅरिबियनच्या फेऱ्यांवर तीन-तीन पिढ्यांची कुटुंबे भेटतात. व्हायकिंगवर कॅसिनो नाही, चित्रांचे लिलाव नाहीत आणि फोटो काढून ते विकण्यासाठी पाठीस लागणारे छायाचित्रकारही नाहीत. हॉलंड अमेरिकेवर कॅसिनो आहे, आणि त्याला वळसा घालून पुढे जाणे सोपे असले तरी त्या यंत्रांची किणकिण काही जहाजांवर शेजारच्या भागात ऐकू येते. मला तिचा त्रास होतो. माझ्याबरोबरच्या एका बाईंना मात्र संध्याकाळचा तो तासभर अतिशय प्रिय होता आणि व्हायकिंगवर त्या कंटाळल्या असत्या, याबद्दल मला शंका नाही.

जहाजाच्या आकाराबद्दल बोलताना लोक टनेजचा आकडा वजन समजतात. प्रत्यक्षात ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाच्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेले माप, म्हणून त्याला प्रवासीसंख्येने भागले की माणशी किती जागा वाट्याला येते याचा ढोबळ अंदाज मिळतो. व्हायकिंग स्टारचे टनेज सुमारे ४७,८०० आणि प्रवासी ९३०, म्हणजे माणशी साधारण ५१. हॉलंड अमेरिकेच्या कोनिंग्सडॅम, न्यू स्टाटेनडॅम आणि रॉटरडॅम या सर्वांत मोठ्या तीन जहाजांचे टनेज प्रत्येकी लाखाच्या जरासे आत आणि प्रवासी सुमारे २,६५०, म्हणजे माणशी ३७-३८. त्याच कंपनीच्या जुन्या, लहान झानडॅमवर हाच आकडा ४३ च्या आसपास जातो. तरीही या भागाकारावर फार विसंबू नये. रॉयल कॅरिबियनच्या आयकॉन ऑफ द सीज या अवाढव्य जहाजावर, प्रत्येक खोलीत दोघे धरले तर, हा आकडा ४४ येतो, कोनिंग्सडॅमपेक्षा जास्त, पण तिथल्या गजबजाटाची तुलना कोनिंग्सडॅमच्या संथ दुपारशी कोणी करणार नाही. जागा किती आहे याइतकेच, त्या जागेत माणसे काय करायला आली आहेत, हेही महत्त्वाचे असते.

या मुद्द्याला जोडूनच एक गोष्ट येते, जिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. व्हायकिंगची समुद्रावरची जहाजे जवळजवळ जुळी भावंडे आहेत. नवी आलेली काही थोडी मोठी असून त्यांवर ९९८ प्रवासी असतात, पण रचना तीच आहे. एका जहाजावर राहिलेला माणूस दुसऱ्यावर डोळे मिटून ग्रंथालयापर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे व्हायकिंगबद्दल कोणी सांगितलेला अनुभव तुम्ही घेणार असलेल्या जहाजालाही बव्हंशी लागू पडतो. हॉलंड अमेरिकेचे तसे नाही. १९९९-२००० सालची फोलेनडॅम आणि झानडॅम ही जहाजे चौदाशेच्या आसपास प्रवाशांची, लाकडी सजावटीची, थोडी जुनाट पण घरगुती वाटणारी. २०२१ चे रॉटरडॅम त्यांच्या जवळजवळ दुप्पट प्रवाशांचे, नाट्यगृहात प्रेक्षकांना वेढणाऱ्या पडद्यांचे आणि संध्याकाळी तीन ठिकाणी एकाच वेळी संगीत चालणारे. ‘हॉलंड अमेरिका कशी आहे’ या प्रश्नाला म्हणूनच काही अर्थ नाही. कोणते जहाज, कोणत्या साली बांधलेले, हे विचारल्याशिवाय कोणाचे मत ऐकूच नये.

खोल्यांच्या बाबतीत व्हायकिंगने निवडच काढून टाकली आहे: सगळ्या खोल्यांना बाल्कनी. स्नानगृहाची फरशी गरम असते, जे छायाचित्रात दिसत नाही, पण उत्तरेकडच्या थंड सकाळी पहिले पाऊल टाकल्यावर कळते. हॉलंड अमेरिकेवर खिडकी नसलेल्या आतल्या खोलीपासून मोठ्या सूटपर्यंत पूर्ण चढण आहे, आणि खालच्या टोकाला असलेल्या खोल्यांना मी कमी लेखणार नाही. ज्याला बोट लागते त्याने जहाजाच्या मध्यभागी, शक्य तितक्या खालच्या डेकवर राहावे, असे जुने जाणते सांगतात आणि त्यामागे सरळ कारण आहे: जहाज डोलते तेव्हा सर्वांत कमी हालचाल तिथे होते. हॉलंड अमेरिकेवर अशा जागी स्वस्त खोल्याही मिळतात. व्हायकिंगचे जहाज आकाराने लहान असल्यामुळे खवळलेल्या पाण्यात ते अधिक जाणवते. दोन्हींना डोलणे कमी करणारे पंख असतात, पण ते आडव्या डोलण्यावर उपाय करतात, पुढेमागे होणाऱ्या उसळण्यावर नाही.

आता भाडे. तुलना बहुधा इथेच फसते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

संकेतस्थळावर दोन्ही कंपन्यांचे भाडे शेजारी शेजारी ठेवले की व्हायकिंग दुप्पट महाग दिसू शकते, आणि लोक तिथेच खिडकी बंद करतात. पण हॉलंड अमेरिकेचा तो ‘पासून पुढे’ असा लिहिलेला आकडा आतल्या खोलीचा असतो, तर व्हायकिंगचा सर्वांत कमी आकडाही बाल्कनीच्या खोलीचा असतो. म्हणून पहिली दुरुस्ती अशी, की बाल्कनीची तुलना बाल्कनीशीच करावी. दुसरी दुरुस्ती त्यात काय धरले आहे याची. व्हायकिंगच्या भाड्यात वायफाय येते, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबरची वाइन आणि बिअर येते, विशेष रेस्टॉरंटांत वेगळे पैसे पडत नाहीत, स्पामधला गरम पाण्याचा आणि वाफेचा भाग सर्वांना खुला असतो, प्रत्येक बंदरात एक सहल मिळते, आणि कपडे धुण्याची यंत्रे प्रवाशांना स्वतः वापरायला मोफत असतात. शेवटची बाब क्षुल्लक वाटते, पण दोन आठवड्यांच्या प्रवासाला एका लहान बॅगेनिशी निघता येणे ही माझ्या दृष्टीने मोठी चैन आहे. हॉलंड अमेरिकेवर यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा वेगळा दर असतो, किंवा पेये, वायफाय, विशेष रेस्टॉरंट आणि सहलींसाठीची काही रक्कम असे एकत्र बांधलेले ‘हॅव इट ऑल’ नावाचे पॅकेज घेता येते.

इथवर वाचून कोणालाही वाटेल की सगळे जोडले तर व्हायकिंगच परवडते. व्हायकिंगचे चाहते हेच गणित मोठ्या उत्साहाने मांडतात, आणि माझा आक्षेप इथेच आहे. भाड्यात धरलेल्या गोष्टीचे मोल तिच्या बाजारभावाने काढायचे नसते. ती वेगळी विकत घ्यावी लागली असती तर आपण घेतली असती का, आणि किती देऊन, याने काढायचे असते. जो मद्य घेत नाही त्याच्या लेखी वाइनची किंमत शून्य. जो बंदरात उतरून नकाशा हातात घेऊन एकटा पायी फिरतो, त्याच्या लेखी सहलीची किंमतही शून्यच, मग पत्रकात ती कितीही लिहिलेली असो. उलट, अनोळखी गावात आपणहून फिरण्याची धास्ती वाटणाऱ्या जोडप्याला सात बंदरांत दोघांच्या मिळून चौदा सहलींचे पैसे वेगळे मोजावे लागले असते, त्यांच्या बाबतीत व्हायकिंगचे पारडे खरोखरच जड होते. म्हणून कागदावर एकेका बाबीपुढे कंपनीने लावलेला दर न लिहिता, आपण स्वखुशीने दिला असता तो आकडा लिहावा. हे केले की दोन शेजाऱ्यांची उत्तरे वेगवेगळी येतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

टिपांचा घोळ वेगळा आहे. हॉलंड अमेरिका त्यासाठी माणशी रोजची ठरावीक रक्कम खात्यावर लावते. व्हायकिंगमध्ये तुम्ही कोणत्या देशातल्या कार्यालयातून आरक्षण केले आहे यावर ती भाड्यात आहे की वेगळी हे ठरते, त्यामुळे दुसऱ्या देशात राहणाऱ्या नातेवाइकाने सांगितलेला हिशेब तुम्हाला जसाच्या तसा लागू होईल असे धरू नये. जहाजावरच्या डॉक्टरची फी मात्र कुठल्याच भाड्यात नसते, दोन्हीकडे नसते, आणि परदेशी पाण्यात चालणारा वैद्यकीय विमा हा त्या कागदावरचा असा खर्च आहे जो कमी करण्याच्या भानगडीत पडू नये.

एकट्याने प्रवास करणाऱ्यांना दोन्ही कंपन्या फारशा उदार नाहीत, कारण खोलीचे भाडे दोघांच्या हिशेबाने लावलेले असते आणि एकट्याला बराचसा दुसरा वाटाही भरावा लागतो. हॉलंड अमेरिकेच्या तीन मोठ्या जहाजांवर एकट्या माणसासाठी खिडकीच्या बारा-बारा खोल्या आहेत. बारा म्हणजे किती थोड्या हे निराळे सांगायला नको. त्या लवकर जातात.

जहाजावरचा दिवस आणि विशेषतः जहाजावरची संध्याकाळ, हा माझ्या मते निवडीचा खरा कस आहे, आणि माहितीपत्रकात त्याबद्दल सर्वांत कमी लिहिलेले असते. व्हायकिंगवर बंदर नसलेल्या दिवशी माणसे वाचतात. हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही. जहाजभर पुस्तकांची कपाटे आहेत, ती लंडनच्या हेवूड हिल या पुस्तकांच्या दुकानाने निवडून भरलेली आहेत, आणि पुढच्या टोकाच्या दोन मजली एक्सप्लोरर्स लाउंजमध्ये खुर्च्या, लोकरी पांघरुणे आणि दुर्बिणी अशा मांडलेल्या असतात की तिथे बसलेला माणूस जेवणाच्या वेळेपर्यंत उठत नाही. दुपारी पुढच्या बंदराच्या इतिहासावर व्याख्यान असते आणि ते भरगच्च असते. रात्री तळमजल्याच्या प्रशस्त दालनात पियानो किंवा तंतुवाद्ये वाजतात, नाट्यगृहात एखादा कार्यक्रम होतो, आणि दहाच्या सुमारास जहाज बहुतांशी झोपते. नाचायला एक जागा आहे, पण ती शोधावी लागते.

याच जहाजाच्या तळाशी स्पा आहे आणि तिथला क्रम सांगण्यासारखा आहे. आधी वाफेच्या खोलीत बसायचे, अंगातून घाम निथळू लागला की शेजारच्या काचेच्या दाराआडच्या हिमखोलीत जायचे, जिथे खरोखरचा भुसभुशीत बर्फ भिंतीशी साचलेला असतो, तो मुठीत घेऊन दंडांवर चोळायचा, आणि थंडी सहन होईनाशी झाली की गरम पाण्याच्या मोठ्या कुंडात उतरायचे. पहिल्या वेळी लोक दारातच ओरडून मागे फिरतात. प्रवास संपत येतो तेव्हा तेच लोक नवख्यांना धीर देत असतात. हॉलंड अमेरिकेवरही असे गरम पाण्याचे कुंड आणि तापलेल्या फरशांची आसने असतात, पण त्यासाठी दिवसाचा किंवा संपूर्ण प्रवासाचा पास विकत घ्यावा लागतो. पास थोडेच लोक घेतात, त्यामुळे तिथे गर्दी कमी असते, हा त्यातला एक अनपेक्षित फायदा.

हॉलंड अमेरिकेचे बलस्थान संगीत आहे, आणि या बाबतीत मी तिला निःसंशय वरचढ मानते. मोठ्या जहाजांवर संध्याकाळी एका ठिकाणी दोन पियानोवादक समोरासमोर बसून श्रोत्यांच्या फर्माइशी घेतात, पलीकडे रॉक किंवा ब्लूज वाजवणारा पूर्ण वाद्यवृंद असतो, आणि माणसे पेला हातात घेऊन एकीकडून दुसरीकडे चालत राहतात. जेवणानंतर काय करायचे हा प्रश्न तिथे पडत नाही. व्हायकिंगवर तो पडतो, आणि ज्याला ‘पुस्तक घेऊन झोपायचे’ हे उत्तर पसंत नाही, त्याने तिथे जाऊ नये असे मी स्पष्ट सांगते. हॉलंड अमेरिकेचा आणखी एक जुना दागिना म्हणजे जहाजाला पूर्ण प्रदक्षिणा घालता येईल असा, जीवरक्षक नौकांच्या खालून जाणारा सागवानी डेक. सकाळी तिथे हात जोरात हलवत चालणाऱ्यांची रांग असते आणि कडेच्या आरामखुर्च्यांत पांघरुणे घेऊन बसलेले प्रेक्षक असतात. व्हायकिंगवरही फेरी मारायला डेक आहे, पण तिथे ही जुन्या प्रवासी जहाजांची हवा नाही.

जेवणाबद्दल माझे मत थोडक्यात आहे. रोजच्या मुख्य भोजनगृहात दोन्हींचा दर्जा चांगला आहे आणि आहाराचे पथ्य आधी कळवले तर दोन्हीकडे ते नीट पाळले जाते. हॉलंड अमेरिकेवर ठरलेली वेळ आणि ठरलेले टेबल घेता येते किंवा हवे तेव्हा जाता येते. रोज त्याच माणसांबरोबर जेवायला ज्यांना आवडते त्यांनी ठरलेली वेळ घ्यावी, कारण जहाजावरच्या मैत्र्या तिथेच होतात. काही संध्याकाळी थोडे नटूनथटून येण्याची अपेक्षा असते, व्हायकिंगवर तशी रात्र नसते. व्हायकिंगची मेख वेगळीच आहे: मॅनफ्रेडीज हे इटालियन रेस्टॉरंट आणि शेफ्स टेबल यांना पैसे लागत नाहीत हे खरे, पण आगाऊ जागा राखण्याची खिडकी महागड्या खोल्यांना आधी उघडते आणि साध्या खोल्यांना शेवटी. सगळे समान असल्याचा जो देखावा आहे त्याला इथे तडा जातो.

मार्गांकडे येताना आकाराचा फायदा जेवढा सांगितला जातो तेवढा नेहमी नसतो, हे ध्यानात ठेवावे. व्हेनिसचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनेजहून मोठ्या किंवा १८० मीटरहून लांब जहाजांना शहरासमोरच्या जुदेक्का कालव्यातून जाण्यास बंदी आहे. व्हायकिंग स्टार २२८ मीटर लांब, कोनिंग्सडॅम जवळजवळ ३०० मीटर. म्हणजे दोघींनाही तो मार्ग बंद, आणि कार्यक्रमपत्रिकेत ‘व्हेनिस’ लिहिलेले असले तरी जहाज प्रत्यक्षात कुठे लागणार आणि तिथून शहर किती दूर, हे दोन्हीकडे विचारावेच लागते. सँटोरिनीसारख्या ठिकाणी दोन्ही जहाजे बाहेर नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. गुडघे दुखणाऱ्यांनी किंवा चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांनी अशी किती बंदरे यादीत आहेत ते आधी मोजावे, कारण समुद्र हलत असेल तर त्यांना जहाजावरच थांबावे लागते.

अलास्कासाठी मात्र मी फारसा विचार न करता हॉलंड अमेरिकेकडे झुकते. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला फक्त दोन क्रूझ जहाजांना प्रवेश असतो आणि त्या परवान्यांत या कंपनीचा वाटा जुना आणि मोठा आहे. उद्यानाचे रेंजर जहाजावर चढून दिवसभर माहिती सांगतात, आणि कडा कोसळण्याआधी येणारा तो बंदुकीसारखा आवाज ऐकायला सगळे जहाज श्वास रोखून उभे असते. शिवाय जमिनीवरून डेनाली आणि पुढे कॅनडातल्या युकॉनपर्यंतचा प्रवास जहाजाला जोडून घेता येतो. फक्त सुरुवातीचे बंदर नीट निवडावे. अमेरिकेच्या १८८६ सालच्या एका कायद्यामुळे परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून निघून तिथेच परतताना मध्ये परदेशी बंदराला लागावे लागते, म्हणून सिअॅटलहून निघणाऱ्या फेऱ्यांत कॅनडातल्या व्हिक्टोरियाचा संध्याकाळचा थांबा घुसवलेला असतो. कॅनडातल्याच व्हँकूवरहून निघणाऱ्या फेऱ्यांवर ही सक्ती नसते, आणि त्यांचा मार्ग बेटांच्या आडोशाने जात असल्याने पाणीही सहसा शांत लाभते.

स्कँडिनेव्हियात पारडे फिरते. तिथे व्हायकिंग घरच्या अंगणात असते. स्टॉकहोमहून बर्गनला किंवा लंडनहून बर्गनला जाणाऱ्या तिच्या लांब मार्गांवर बंदरे दाट असतात आणि जहाज केवळ झोपण्यापुरते लागते. पण हे मार्ग एका शहरात सुरू होऊन दुसऱ्या शहरात संपतात, म्हणजे विमानाची तिकिटे जाण्याची एका ठिकाणची आणि येण्याची दुसऱ्या ठिकाणची. हॉलंड अमेरिकेच्या रॉटरडॅम बंदरातून निघून तिथेच परतणाऱ्या फेऱ्यांना विमानप्रवास सोपा आणि बहुधा स्वस्त पडतो, मात्र जाण्या-येण्याचे दिवस समुद्रावर खर्ची पडतात. व्हायकिंगच्या भाड्यात येणाऱ्या सहलीबद्दल एवढेच म्हणेन, की ती बहुतेकदा बसमधून शहराची ओळख आणि थोडी पायी फेरी अशी असते. गाव कळायला ती पुरते. कायाकिंग, हेलिकॉप्टर किंवा दिवसभराची लांबची सहल हवी असेल तर तिचे पैसे व्हायकिंगवरही वेगळेच पडतात.

हे सगळे तपासून झाल्यावर, आरक्षण करण्यापूर्वी, दोन्ही कंपन्यांच्या अटींतली दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत: पूर्ण रक्कम भरण्याची अंतिम तारीख, आणि त्यानंतर रद्द केल्यास किती टक्के कापले जातील. या तारखा मार्गानुसार, देशानुसार आणि चालू असलेल्या सवलतीनुसार बदलतात, आणि आकर्षक सवलतीच्या बदल्यात काही वेळा हीच तारीख बरीच अलीकडे ओढलेली असते. घरात वृद्ध माणसे असतील, व्हिसा मिळायचा बाकी असेल किंवा नोकरीतली रजा मंजूर व्हायची असेल, तर मी भाड्यातली सवलत सोडून देऊन, उशिरापर्यंत पैसे न अडकवणारे आरक्षण घेते, मग ते या कंपनीचे असो वा त्या.